गोल झाला आणि कळलाच नाही

हमादीला गोल झाल्याचं कळलं ते वाण्याकडून, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी.

टोमॅटोच्या पेस्टचा डबा पुढे सरकवत वाणी म्हणाला, "काल काय गोल मारला आपल्या पोरांनी, हमादीकाका! पार लांबून. गोलकीपर बघतच राहिला."

हमादी डबा हातात धरून तसाच उभा राहिला. काल दुपारभर तो घरीच होता. त्याच्या घराची मागची भिंत आणि मैदानाची भिंत यांच्यामध्ये एखादं गाढव जेमतेम जाईल एवढीच जागा. घरात कुणी शिंकलं तर गोलकीपर मैदानातून "अल्ला भलं करो" म्हणायचा. आणि त्या घरात बसून त्याला गोल ऐकू आला नव्हता.

"मग कुणी ओरडलं नाही?" त्याने विचारलं.

"ओरडले असतील ना," वाणी म्हणाला. "हळू."

"गोल झाल्यावर हळू कोण ओरडतं?"

 वाणी फडकं घेऊन अंडी पुसायला लागला.

मर्सा-झितून हे बंदराचं गाव. मासळी, हरिसाची तिखट चटणी आणि फुटबॉल, या तीन गोष्टींवर ते जगतं, आणि त्यातली मासळी अलीकडे कमी झाली आहे. गावाच्या संघाला सगळे नुसतं 'जमिया' म्हणतात. जमिया कधी फार वर चढली नाही. पण तिचं मैदान मात्र आसपासच्या गावांत बदनाम होतं. पाहुणा संघ बसमधून उतरायच्या आधीच ढोल सुरू व्हायचे आणि तो परत बसमध्ये बसेपर्यंत थांबायचे नाहीत. पाहुण्यांचे प्रशिक्षक कानात कापूस घालून यायचे. मग खेळाडूंना सूचना ऐकू जायच्या नाहीत आणि प्रशिक्षकाला खेळाडू काय म्हणतायत ते.

या सगळ्या गोंगाटाच्या वर एक आवाज असायचा. तो मन्नूबियाचा.

मन्नूबिया हमादीची बायको. सामन्याच्या दिवशी हमादी स्टँडमध्ये जाऊन बसायचा आणि ती वरच्या मजल्याची मागची खिडकी उघडून उभी राहायची. गोल झाला की तोंडाशी हात नेऊन, जीभ हलवून असा झग्रूता काढायची की जणू घरात लग्न लागलंय. यू-यू-यू करत तो आवाज मैदानावरून थेट बंदरापर्यंत जायचा. गोल मारणारा पोरगा स्टँडकडे न धावता आधी त्या खिडकीकडे धावायचा. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा तर तिने पाहुण्यांच्या गोलालाही झग्रूता दिला होता, आणि चूक कळल्यावर खिडकीतूनच त्यांना शिव्या घातल्या होत्या, जणू त्यांनीच तिला फसवलं.

गेल्या ऑक्टोबरात, डाळिंबांच्या दिवसांत, ती गेली.

त्यानंतर हमादी मैदानात गेला नव्हता. थंडीभर त्याला मागून काही ऐकू यायचं नाही, आणि त्याला वाटायचं, पोरं हरतायत, म्हणून सगळे गप्प आहेत. आता कळलं की पोरं अधूनमधून गोलही मारत होती.

त्या संध्याकाळी ट्यूनिसहून त्याच्या मुलीचा, बेयाचा, फोन आला. ती दर वेळी एकच विचारायची.

"बाबा, कधी येताय राहायला? खोली तयार आहे. लिफ्ट आहे, जिने चढायचे नाहीत."

इतके महिने तो टाळत होता. त्या दिवशी म्हणाला, "मोसमातला शेवटचा सामना झाला की येतो."

"खरंच?"

"हो. ज्या घरात बसून गोल झालेला कळत नाही, त्या घरात राहून काय करू?"

बेयाला आनंद झाला, पण तो लपवून ती म्हणाली, "घराचं काय करायचं ते नंतर बघू." फोन ठेवल्यावर हमादीला घर जास्तच शांत वाटलं. फ्रीजची घरघर तेवढी चालू होती. मग फ्रीजही थांबला.

तसा तो सहज हार मानणारा माणूस नव्हता. जन्मभर त्याने बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. इंजिन बंद पडलं तर ते का पडलं ते शोधायचं, एवढं त्याला माहीत होतं. जायचं तर जाऊ, पण जाण्याआधी या मैदानाला काय झालंय ते बघू, असं ठरवून तो सकाळी तिजानी न्हाव्याच्या दुकानात गेला. तिजानी समर्थकांचा म्होरक्या. ढोल, झेंडे, बसगाड्या, भांडणं, सगळं त्याच्या दुकानातून चालायचं.

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून ठेवला होता. हमादी आत शिरला आणि दारातूनच म्हणाला, "काय रे तिजानी, तुमच्यातलं कुणी मेलंय का?"

तिजानीचा वस्तरा हवेतच थांबला. गिऱ्हाइकाने फेसातून डोळे मोठे केले.

"म्हणजे... काका?"

"म्हणजे काय म्हणजे? सामना होतो, गोल होतो, आणि आवाज नाही. ढोल कुठे गेले?"

"ढोल," तिजानी म्हणाला. "ढोलाचं चामडं सैल झालंय. दमट हवा."

"पंचवीस वर्षं हवा दमटच आहे. गाणी?"

"पोरांचे घसे बसलेत."

"सगळ्यांचे? एकदम?"

"साथ होती ना, काका." तिजानीने गिऱ्हाइकाकडे बघितलं. "हो की नाही रे?"

गिऱ्हाईक खोकलं.

"ऐक," हमादी म्हणाला. "पुढच्या सामन्याला मी येतोय स्टँडमध्ये. मला ढोल पाहिजे. मला शिव्या पाहिजेत. पंचाला त्याची आई आठवली पाहिजे."

तिजानीचा चेहरा उजळला. "तुम्ही येताय? खरंच? मग... म्हणजे घरी आता... तसं काही राहिलं नाही ना?"

"घरी काय राहणार आहे? मी एकटा आहे घरी," हमादी म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चिरकला. तिजानीने मान खाली घातली आणि पुन्हा वस्तरा चालवायला लागला.

सामन्याला हमादी गेला, आणि आधी होतं त्याहून वाईट झालं. तो पायऱ्या चढायला लागताच बसलेले लोक उठून उभे राहिले. कुणीतरी त्याला मधली जागा दिली, कुणीतरी खाली ठेवायला वर्तमानपत्र दिलं. म्हाताऱ्या लोकांनी पुन्हा येऊन हात हातात घेतले आणि म्हणाले, "अल्ला तिला जन्नत देवो." मग सगळे बसले आणि सूर्यफुलाच्या बिया फोडायला लागले. मैदानात इतकी शांतता होती की बी फुटलेली बचावपटूला ऐकू जात असेल.

ढोलवाला लसाद पुढच्या रांगेत बसला होता. ढोल त्याच्या मांडीवर होता, घोंगडीत गुंडाळलेला, तापाने फणफणलेल्या लेकरासारखा.

"लसाद, वाजव की!" हमादी ओरडला.

लसादने वळून बघितलं, मग तिजानीकडे बघितलं, मग मैदानापलीकडे कुठेतरी वर बघितलं, आणि ढोलावर बोटाने एकदाच टिचकी मारली.

हमादीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानेच. "चला रे! जमिया! जमिया!" शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाला, "धीर धरा, हमादी. होतं असं कधीकधी. रडून घ्या."

"मी रडत नाहीये! मी टाळ्या वाजवतोय!"

"हो, हो," शेजारी म्हणाला आणि मूठभर बिया त्याच्या हातात दिल्या.

जमिया हरली. आता शेवटचा सामना होता डोंगरावरच्या ऐन-तूताशी, आणि तो हरली तर खालच्या वर्गात जाणार होती. हमादीने ठरवलं, इंजिन सुरू होत नसेल तर ढकलून सुरू करायचं. तो मोटारसायकलवर बसून दोन गावं पलीकडे गेला. तिथे लग्नात वाजवणारा एक ढोल-सनईवाल्यांचा ताफा होता. त्यांच्या सनईवाल्याची गाडी हमादीने कधीतरी फुकट दुरुस्त करून दिली होती.

"फुटबॉलला कधी वाजवलं नाही, काका," सनईवाला म्हणाला.

"लग्नात वाजवता तसंच वाजवा. नवरी आली असं समजा."

"नवरी कोण?"

"चेंडू."

शेवटच्या सामन्याच्या सकाळी हमादीने एक सूटकेस काढून पलंगावर ठेवली. आत दोन शर्ट टाकले आणि कपाट तसंच उघडं सोडून तो मैदानावर गेला.

त्या दिवशी सगळं गाव मैदानात होतं. ऐन-तूताचेही बरेच लोक आले होते आणि ते चांगले मोकळ्या गळ्याने गात होते. मर्सा-झितूनचे लोक आपल्याच मैदानात हातावर हात ठेवून बसले होते. बायकांच्या बाजूला मन्नूबियाची मैत्रीण खदूजा नातेवाइकांना घेऊन बसली होती, तीही चूप. पूर्वार्ध संपता संपता ऐन-तूताने गोल केला. त्यांचे लोक नाचायला लागले.

हमादीने मागे वळून इशारा केला.

ताफा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा होता. सनईवाल्याने गाल फुगवले आणि नवरी दारात आल्यावर वाजवतात ते सूर सुरू केले. ढोल कडाडला. ऐन-तूतावाले थांबून बघायला लागले. हमादीला वाटलं, बस, आता पेटलं.

पण तिजानी तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर धावला. त्याच्यामागे लसाद, त्याच्यामागे आणखी दहा-बारा माणसं. "बंद करा! लाज आहे का? बंद करा!" कुणी सनई ओढली, कुणी ढोलक्याचे हात धरले. तिजानीने आपलं जाकीट काढून ढोलावर टाकलं आणि त्यावर स्वतःच पालथा पडला.

"अरे पण आम्हाला बोलावलंय!" सनईवाला ओरडला.

"कुणी बोलावलं? कोण हरामखोर?"

"मी," हमादी म्हणाला.

तिजानी ढोलावर पडल्यापडल्याच त्याच्याकडे बघायला लागला.

"मी बोलावलं," हमादी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही सगळे मेल्यागत बसलाय म्हणून. समोरचे आपल्या घरात येऊन गातायत आणि तुम्ही बिया खाताय. मन्नूबिया असती तर चप्पल फेकून मारली असती एकेकाला!"

 पंचाने मध्यंतराची शिटी वाजवली आणि ती अगदी स्पष्ट ऐकू आली.

तिजानी उठून बसला. "काका, तिच्यासाठीच तर गप्प आहोत."

"काय?"

"मय्यत झालेल्या घराशेजारी ढोल वाजवतात का कधी? घरच्या माणसाने परवानगी दिल्याशिवाय लग्नाची सनईसुद्धा वाजवत नाही आपण. चाळिसावा दिवस झाला तेव्हा वाटलं, आता विचारावं. दोनदा आलो मी तुमच्याकडे. दोन्ही वेळा केस कापून देऊन परत आलो."

"मला वाटलं, तू केस कापायलाच आलायस."

"विचारायचं कसं? तुमची खिडकी बंद." तिजानीने मैदानापलीकडे बोट दाखवलं. गोलच्या मागे, भिंतीच्या वर, हमादीच्या घराची निळी खिडकी घट्ट मिटलेली होती. "इतक्या वर्षांत ती सामन्याच्या दिवशी कधी बंद नव्हती. आम्ही म्हटलं, खिडकी उघडेल त्या दिवशी समजायचं, हमादीकाकांचं दुःख उतरलं. मग आम्ही दर सामन्याला खिडकीकडे बघत बसतो. लसाद ढोल घेऊन येतो, खिडकी बघतो आणि परत घेऊन जातो."

हमादीने खिडकीकडे बघितलं. 

"ती अडकलीय," तो म्हणाला.

"काय अडकलंय?"

"खिडकी. खारी हवा लागून फुगलीय. मला उघडत नाही ती."

"अडकलीय?" लसाद म्हणाला.

"म्हणजे," तिजानी सावकाश म्हणाला, "आम्ही अख्खा मोसम एका अडकलेल्या खिडकीपायी..."

"रंधा मारायला पाहिजे तिला," हमादी म्हणाला.

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पण हमादीला माहीत होतं की आपण अर्धंच खरं बोललोय. खिडकी अडकायची, हे खरं. ती कशी उघडायची ते फक्त मन्नूबियाला जमायचं, हेही खरं. पण एवढ्या महिन्यांत त्याने तिला एकदाही नीट हात लावला नव्हता. कडी सरकवायची, थोडं ढकलायचं, आणि नाही उघडत म्हणून परत यायचं, एवढंच त्याने केलं होतं. मुद्दाम थोडंच ढकललं होतं.

"मग काका," तिजानी हळू आवाजात म्हणाला, "आता म्हणता का? नुसतं 'वाजवा' म्हणा. आम्ही बाकीचं बघतो."

हमादीने तोंड उघडलं. एक साधा शब्द होता. इतके दिवस तो तोच शब्द ओरडत होता. पण आता तो शब्द म्हणजे फक्त ढोल वाजवणं राहिलं नव्हतं. ती गेली आणि आता आम्ही मोकळे झालो, असं सांगणं होतं ते. 

"थांबा इथेच," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून चालू लागला.

घरी पोचेपर्यंत त्याला धाप लागली. जिना चढून तो मागच्या खोलीत गेला. खिडकीखाली मन्नूबियाच्या चपला होत्या, तशाच. बाहेर उत्तरार्धाची शिटी झाली. त्याने कडी सरकवली आणि ढकललं. खिडकी हलली नाही. त्याने जरा जोर लावला. नाही.

ती काय करायची? ती आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात टाचेने लाथ मारायची. मग खांदा लावून फळी वर उचलायची. आणि हे करताना खिडकीला बोलायची, जसं ती सगळ्यांनाच बोलायची. "उघड ग सटवे, पोरं वाट बघतायत."

हमादीने टाचेने लाथ मारली. खांदा लावला. "उघड," तो म्हणाला. काही झालं नाही. त्याने एकदा खोलीत बघितलं, जणू कुणी ऐकतंय. मग दोन पावलं मागे गेला आणि सगळं अंग घालून ओरडला, "उघड ग सटवे, पोरं वाट बघतायत!"

खिडकी उघडली. उघडली म्हणजे उजवी फळी उघडली आणि डावी बिजागरीसकट निखळून खाली गेली. मैदानाच्या भिंतीवर आदळली, उलटली आणि ऐन-तूताच्या गोलकीपरच्या मागे धाडकन पडली. गोलकीपर उडालाच. पंचाने खेळ थांबवला. सगळं मैदान वर बघायला लागलं.

उजेडाने हमादीचे डोळे दिपले. समोर सगळं गाव होतं. स्टँडमध्ये लसादने घोंगडी काढून ढोल गळ्यात अडकवला होता, पण हात वर धरून तो थांबला होता. खिडकी उघडली होती, पण परवानगी अजून दिलेली नव्हती. सगळे थांबले होते.

ओरडून सांगावं, हात हलवावा, असं काहीतरी हमादीच्या मनात आलं. पण या खिडकीतून हात हलवून कधी काही झालं नव्हतं. इथून एकच गोष्ट व्हायची. पुरुष माणूस ती करत नाही. त्याने तोंडाशी हात नेला, जीभ हलवली आणि झग्रूता काढला.

तो झग्रूता नव्हता. बोटीचं इंजिन थंडीत सुरू होताना जसं करतं तसलं काहीतरी निघालं. मध्येच फाटलं, मग पुन्हा धरलं, मग खोकल्यात संपलं.

 मग बायकांच्या बाजूने खदूजाचा आवाज आला, खणखणीत. "हमादी! झग्रूता होता की बोकड कापतोयस? थांब, मेल्या, शिकवते तुला!"

आणि तिने काढला. तिच्यामागे तिच्या सुनांनी काढला. मग बायकांची सगळी बाजू उठली. मग लसादचा हात खाली आला.

नंतर काय काय झालं ते सलग कुणालाच सांगता येत नाही. ढोल वाजत होते. गावचे आणि लग्नाचे, दोन्ही एकदम, वेगवेगळ्या ठेक्यात. सनईवाला नवरीचे सूर वाजवत होता आणि लोक त्यावर जमियाची गाणी बसवत होते. पंचाने फळी उचलून बाजूला ठेवायला सांगितली, तर दोन पोरांनी ती पालखीसारखी खांद्यावर घेतली आणि मैदानाला फेरी मारली. साथीने बसलेले घसे एकदम बरे झाले होते. ऐन-तूताचा प्रशिक्षक हात हलवून काहीतरी सांगत होता आणि त्याचे खेळाडू कानाला हात लावून "काय? काय?" करत होते. त्याच गोंधळात त्यांच्या बचावपटूने चेंडू मागे दिला, गोलकीपर तेव्हा खिडकीकडे बघत होता, आणि जमियाच्या एका पोराच्या मांडीला लागून चेंडू आत गेला. गोल अगदीच गचाळ होता.

पोरगा धावत सुटला. स्टँडकडे नाही, भिंतीकडे. खिडकीखाली येऊन त्याने दोन्ही हात वर केले.

शेवटची शिटी झाली तेव्हा हमादीच्या खिशात फोन थरथरत होता. बेयाचा होता.

"बाबा, उद्याच्या गाडीचं विचारायचं होतं. बाबा? कसला आवाज आहे हा? कुठे आहात तुम्ही?"

"घरात!"

"घरात? मग एवढा गोंगाट कसला?"

"बरोबरी झाली! आता सुटलो, खाली जात नाही आपण!"

"काही ऐकू येत नाहीये!"

हमादीने फोन चौकटीवर ठेवला, मैदानाकडे तोंड करून. मग तोंडाशी हात नेऊन परत एकदा प्रयत्न केला. या वेळी जरा बरा निघाला. खाली खदूजाच्या बाजूने टाळ्या पडल्या.

त्याने फोन कानाला लावला.  मग बेया हसतेय की रडतेय ते कळेना अशा आवाजात म्हणाली, "आईच्या खिडकीत कोण ओरडतंय हे?"

"तुझा बाप," हमादी म्हणाला. "आणि हे बघ, उद्याचं काही जमणार नाही. खिडकीची फळी पडलीय. सुताराला बोलवायचंय."

"सुताराला किती वेळ लागतो, बाबा?"

"इथला सुतार आहे. तू ओळखतेस त्याला," हमादी म्हणाला. "पुढचा मोसम उजाडेल."